विश्रांतीचा पेपर

मोठ्या सरांचं नाव नेहमी सगळ्यांच्या शेवटी यायचं आणि त्याचा त्यांना कोण अभिमान होता. बाहेरच्या माणसाला ही गंमत चटकन कळत नाही. शाळेच्या निकालात शेवटचं नाव म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक असतं. पण वैद्यकीय संशोधनाचा पेपर छापून येतो तेव्हा पहिलं नाव असतं राबणाऱ्याचं, आणि शेवटचं असतं तो ज्याच्या हाताखाली राबतो त्याचं. मधली नावं ज्याची तोच वाचतो. मोठे सर वंध्यत्व विभागाचे प्रमुख होते आणि तिथून निघणाऱ्या प्रत्येक पेपराच्या शेपटाला त्यांचं नाव असायचं. असे तीनशेच्या वर पेपर झाले होते. त्यांतले काही त्यांनी वाचलेही होते.

विभागात बारा जण होते आणि पूर्वी त्यांच्यात नावांवरून फार रुसवेफुगवे चालत. एकदा तर दोन डॉक्टर कित्येक महिने एकमेकांशी शस्त्रक्रियेपुरतंच बोलत होते. तेव्हा सरांनीच तोडगा काढला. पेपर कुणाचाही असो, नावं बाराही जणांची. शेवटचं सरांचं, ते अढळ. बाकीची अकरा सरकत जाणार. ह्या खेपेला जो पहिला, तो पुढच्या खेपेला अकरावा, आणि दुसरा होता तो पहिला. क्रमाचा आणि कामाचा काडीचा संबंध उरला नाही आणि विभागात शांतता नांदू लागली. भूल देणाऱ्या डॉक्टरांचं नाव शुक्राणूंवरच्या पेपरात पहिलं आलं तेव्हा ते रजेवर होते. परत आल्यावर त्यांनी आधी अभिनंदन स्वीकारलं आणि पेपर कशावर आहे ते मागाहून विचारलं.

जगात कुणी आपल्या पेपराचा उल्लेख केला की लेखकाच्या खात्यावरचा एक आकडा वाढतो आणि तो फोनवर बघता येतो. काही लोक उठल्याबरोबर रक्तातली साखर तपासतात, तसे सर हा आकडा तपासायचे. त्यांच्या पत्नी गणिताच्या निवृत्त शिक्षिका. चहाचा कप पुढे सरकवत त्या विचारायच्या, "आज किती भरली?" सर चष्म्यावरून बघून आकडा सांगायचे. त्यातला टोमणा त्यांच्या लक्षात येत नसे असं नाही, पण आकडा वाढलेला असला की माणूस मोठ्या मनाचा होतो.

हा आकडा वाढत होता तो मुख्यतः एका पेपरामुळे. विभागात त्याला सगळे 'विश्रांतीचा पेपर' म्हणत. प्रयोगशाळेत तयार केलेला गर्भ गर्भाशयात सोडला आणि तो रुजला नाही, तर बाकीचे गर्भ गोठवलेले असतात, त्यांतला दुसरा सोडता येतो. तो लगेच सोडू नये, गर्भाशयाला सहा महिने विश्रांती द्यावी, म्हणजे तो रुजण्याची शक्यता चांगलीच वाढते, असं त्या पेपरात म्हटलं होतं. सांगायला सोपं, करायला बिनखर्चाचं, आणि ऐकणाऱ्याला पटकन पटणारं. दमल्या जिवाला उसंत द्यावी, यात न पटण्यासारखं काय आहे? दूरदूरच्या दवाखान्यांनी ते उचलून धरलं.

त्या वर्षी इस्पितळ चालवणाऱ्या संस्थेच्या डोक्यात आलं की लेखकत्व मोजायचं. कुठल्या पेपरात कुणाचा किती वाटा ते यापुढे टक्क्यांत सांगायचं, म्हणजे बढत्या देणं सोपं जाईल. त्यासाठी समिती नेमली आणि अध्यक्ष केलं, अर्थात, मोठ्या सरांना. सरांनी तालीम म्हणून विश्रांतीचाच पेपर घेतला आणि बाकीच्या अकराही जणांना आपापला वाटा खासगीत विचारला. उपप्रमुखांनी साठ टक्के सांगितला. लॅबच्या बाईंनी, म्हणजे गर्भ तयार करून सांभाळणाऱ्या तज्ज्ञ बाईंनी, तीस. भूलवाल्यांनी संकोचाने वीस. सरांनी स्वतःला पन्नास दिले आणि आपण फार नम्रपणे वागलो असं त्यांना वाटलं. बेरीज केली विभागाच्या आकडेवाल्यांनी. हा संख्याशास्त्राचा माणूस, चेहऱ्यावरची माशी हलू न देता बोलणारा. त्याने बैठकीत सांगितलं की एकूण दोनशे नव्वद टक्के झाले.

सर म्हणाले की असं होणारच, सगळ्यांनी जीव तोडून काम केलंय. मग चहा आला.

त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी लेक घरी आली. ती त्याच गावात राहायची. मूल होत नव्हतं म्हणून तिचे उपचार चालू होते, पण वडिलांच्या इस्पितळात नव्हे. ज्यांना लहानपणी घरी चहा नेऊन दिला त्या काकालोकांनी आपली तपासणी करावी, हे तिला नको होतं. तिने दुसरा दवाखाना गाठला आणि घरात नियम घालून दिला की बाबांनी काही विचारायचं नाही. सरांनी तो पाळला. खरं सांगायचं तर तो पाळणं त्यांना सोयीचंही गेलं. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकींना धीर देणाऱ्या माणसाला स्वतःच्या लेकीशी काय बोलावं ते कळत नसे.

त्या दिवशी नियम तिनेच मोडला. आई स्वयंपाकघरात असताना ती सरांच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तीन वेळा गर्भ सोडला, तिन्ही वेळा रुजला नाही. पहिल्यानंतर सहा महिने थांबायला लावलं. दुसऱ्यानंतर परत सहा महिने. आता शेवटचा एक गोठवलेला गर्भ उरलाय आणि डॉक्टर म्हणतात की पुन्हा सहा महिने थांबा. ती चाळिशीला टेकली होती. हाही गेला तर सगळं पहिल्यापासून, नव्या बीजांडांपासून, आणि बीजांडं काही कुणासाठी तरुण राहत नाहीत.

"मी डॉक्टरांना विचारलं, थांबायचं कशावरून ठरवलंत," ती म्हणाली. "तर त्यांनी तुमचाच पेपर पुढे ठेवला. मी तो पहिल्याच वेळी पाहिला होता, बाबा. खाली तुमचं नाव होतं, म्हणून मी पुढे काही विचारलंच नाही."

सरांनी चेहरा प्रमुखाचा ठेवला.

"आता एकच उरलाय," लेक म्हणाली. "पेपरात काय आहे ते मला पाठ झालंय. तुम्ही सांगा. थांबू का?"

तीनशे पेपरांचा धनी असलेल्या माणसाला एका शब्दाचं उत्तर देता येईना. पुढच्या सुट्टीला सांगतो, म्हणाले, जरा बघून सांगतो. लेकीला वाटलं बाबा तिचे रिपोर्ट बघणार. सर मात्र पेपर बघणार होते. त्यांनी तो छापून येऊन इतकी वर्षं झाली तरी पहिल्या परिच्छेदापलीकडे वाचलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दार लावून त्यांनी तो वाचला. पेपर देखणा होता. आलेख चढते होते, भाषा घोटीव होती. थांबलेल्या बायकांचे निकाल न थांबलेल्या बायकांपेक्षा कितीतरी चांगले होते. फक्त एक गोष्ट कुठेही सापडेना. या बायका मुळात थांबल्या कशासाठी? मुलासाठी जीव टांगणीला लागलेली बाई आपणहून सहा महिने थांबते, हे सरांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पेपरात नुसतं 'काही रुग्णांनी विश्रांती घेतली' एवढंच होतं, जणू त्या हवापालट करायला गेल्या होत्या.

सर उपप्रमुखांकडे गेले. त्यांचं नाव पहिलं होतं. उपप्रमुखांनी आदराने उठून खुर्ची दिली, प्रश्न ऐकला आणि म्हणाले की तेव्हा पहिल्या जागेवर त्यांचा नंबर लागला होता, इतकंच. सरांनी साठ टक्क्यांची आठवण करून दिली.

"ते श्रेयाचे साठ, सर," उपप्रमुख म्हणाले. "कामाचे कुठे कुणी विचारले होते?"

भूलवाल्यांनी सांगितलं की आपण भूल दिली आणि सगळ्यांना सारखीच दिली. भाषा ज्यांनी घोटली होती ते डॉक्टर म्हणाले की वाक्यं माझी, पण वाक्यांत काय आहे त्याला मी जबाबदार नाही. दोघांनी सांगितलं की आपलं नाव आहे हे त्यांना छापून आल्यावर कळलं, आणि त्याबद्दल ते अजूनही आभारी आहेत. परवा दोनशे नव्वद टक्के काम केलेले लोक आज एकेक करून कानांवर हात ठेवत होते. सरांना राग आला. मग लक्षात आलं की ही शिस्त आपणच लावलेली आहे, आणि रागाचं काय करावं ते त्यांना कळेना.

शेवटी ते लॅबमध्ये गेले. दारात चपला काढल्या, अंगावर निळा झगा आणि डोक्यावर टोपी चढवली. आत मंद उजेड होता, इनक्युबेटरांची बारीक घरघर चालू होती. बाई सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता म्हणाल्या, "एक मिनिट, सर." आणि एक मिनिट संपल्यावर खरोखरच वळल्या. सरांनी विचारलं की त्या बायका विश्रांतीला का थांबल्या होत्या.

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"विश्रांती कसली, सर? लॅब बंद होती. छप्पर गळत होतं, सगळी खोली उकरून काढली होती. विसरलात?"

सर विसरले होते. म्हणजे दुरुस्ती आठवत होती, तिचं उद्घाटनही आठवत होतं, पण ती आणि हा पेपर एकाच घरातले आहेत हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. बाईंनी सगळं सांगितलं. जुन्या खोलीत ओल होती, इनक्युबेटर म्हातारे झाले होते, निकाल पडेल होते. मग सहा महिने सगळं बंद राहिलं. ज्यांचे गर्भ गोठवलेले होते त्या बायकांना थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुन्हा सुरू झालं ते नव्या इनक्युबेटरांसह आणि हवा गाळणाऱ्या नव्या यंत्रासह. निकाल एकदम सुधारले. ते सगळ्यांचेच सुधारले. दुरुस्तीनंतर नव्याने आलेल्या, एक दिवसही न थांबलेल्या बायकांचेही तितकेच. पेपरात मात्र थांबलेल्यांची तुलना केली होती जुन्या खोलीतल्या बायकांशी.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" सरांनी विचारलं.

"बोलले होते. ते वाक्य मसुद्यात होतं. नंतर नाहीसं झालं." बाईंनी हातमोजे नीट केले. "आणि माझं नाव चौथं होतं, सर. बढतीला उपयोगी पडलं. मग मीही गप्प बसले."

वाक्य कुठे गेलं ते आकडेवाल्यांना ठाऊक असणार, म्हणून सर त्यांच्या खोलीत गेले. आकडेवाल्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. हो, म्हणाले, ते वाक्य होतं, त्याचा हिशेब त्यांनीच केला होता, आणि तो हिशेब बरोबर होता.

"मग काढलं कुणी?"

"तुम्ही, सर."

आकडेवाल्यांनी आता मात्र मान वळवली आणि आवाज न चढवता सांगितलं, "मसुदा तुम्ही उभ्याउभ्या चाळला होता. म्हणालात, दुरुस्तीची भानगड कशाला लिहायची? वाचणाऱ्याला वाटेल आमचं छप्पर गळत होतं."

"पण ते तर..."

"गळतच होतं, सर."

मग सरांना सगळं आठवलं, नको तितकं स्वच्छ आठवलं. उद्घाटनाचा दिवस, ताज्या रंगाचा वास, खुर्च्यांवर पाहुणे. सुरुवातीचे निकाल हातात होते आणि बोलायला काहीतरी हवं होतं. सर सहज म्हणून गेले होते की गर्भाशयालाही विश्रांती लागते, ती मिळाली की ते उपकार फेडतं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी विभाग कामाला लागला, कारण सरांना जे सहज सुचतं ते सिद्ध करणं हे विभागाचं कामच होतं. तीनशे पेपरांपैकी हा एक पेपर असा होता की ज्यात कल्पना सरांची होती, निष्कर्ष सरांचा होता आणि शेवटची दुरुस्तीही सरांच्या हातची होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामाखाली नाव लावणाऱ्या माणसाने एकच पेपर खरोखर लिहिला होता, आणि तो खोटा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवरचा आकडा पाचने वाढलेला दिसला. त्यांनी फोन उलटा करून ठेवला. आजवर त्यांना वाटायचं की प्रत्येक उल्लेखामागे आपल्याला मानणारा कुणीतरी आहे. आता कळलं की प्रत्येक उल्लेखामागे कुठेतरी कुणीतरी थांबलेलं आहे. पत्नीने चहा ठेवला, आज किती भरली ते विचारलं नाही. बायकोने टोमणा मारायचं सोडलं की नवऱ्याने समजावं, प्रकरण गंभीर आहे.

सरांनी अकराही जणांना बोलावून सांगितलं की पेपर चुकीचा आहे, तो मागे घ्यावा असं छापणाऱ्यांना कळवायचं आहे. क्षणभर खोलीत सगळे छताकडे बघत राहिले. आता ते गळत नव्हतं. मग उपप्रमुखांनी अदबीने विचारलं की या पत्रावरही नावं क्रमानेच घालायची का, कारण हिशेबाने या खेपेला पहिला नंबर भूलवाल्यांचा येतो. भूलवाले ताडकन म्हणाले की अशा महत्त्वाच्या पत्राला एकट्या वडीलधाऱ्यांची सही शोभून दिसते. हा प्रस्ताव एकमताने पास झाला. विभागाच्या इतिहासात नावांचा प्रश्न इतक्या झटपट कधी सुटला नव्हता. आकडेवाले जाताजाता म्हणाले की आताची बेरीज सोपी आहे, अकरा जणांची मिळून शून्य येते.

पत्र गेलं. ते सोपं होतं. अवघड काम सुट्टीच्या दिवशी होतं.

त्या सकाळी सर दिवाणखान्यात येरझारा घालत शब्द जुळवत होते. सामूहिक काम होतं, आम्ही बारा जण होतो, अशा कामात एखादी गोष्ट निसटते. सगळं खरं होतं. शेवटी त्यांनी ते पत्नीला म्हणून दाखवलं. गणिताच्या बाईंनी मटार सोलणं थांबवलं नाही.

"बारा जणांचं तिला काय सांगता?" त्या म्हणाल्या. "ती बाबा एकालाच म्हणते."

लेक आली, पर्स मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला बसली. सर तिच्या समोर बसले. नेहमीची आरामखुर्ची त्यांनी सोडून दिली आणि लाकडी खुर्ची ओढून घेतली.

"थांबू नकोस," ते म्हणाले.

"पण पेपर..."

"पेपर चूक आहे."

मग त्यांनी छपराचं सांगितलं, इनक्युबेटरांचं सांगितलं, काढलेल्या वाक्याचं सांगितलं. तिला कळेल अशा भाषेत सांगितलं, जी त्यांना पेपरात कधी लिहावी लागली नव्हती. लेक ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग यावा अशी ते वाट बघत होते, कारण राग आला असता तर त्यांना सोपं गेलं असतं. तो आला नाही. ती मनात काहीतरी मोजत होती, आणि काय मोजते आहे ते त्यांना समजत होतं.

"म्हणजे ते वर्ष उगाच गेलं," ती म्हणाली.

"हो."

"कुणामुळे?"

अकरा नावं सरांच्या जिभेवर आली. क्रमाने आली, तीही त्यांनीच बसवलेल्या शिस्तीप्रमाणे.

"माझ्यामुळे."

"बारा नावं आहेत त्याच्यावर. तुमचा वाटा किती?"

"सगळा," सर म्हणाले. "शंभर टक्के."

दारात उभ्या असलेल्या गणिताच्या बाईंनी पहिल्यांदाच ही बेरीज बरोबर आलेली ऐकली. सरांना लेकीच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. हात उचलून तो त्यांनी परत गुडघ्यावर ठेवला. तेवढा हक्क आज आपल्याला नाही असं त्यांना वाटलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

लेकीने पर्समधून फोन काढला आणि आपल्या डॉक्टरांना लावला. इतक्या दिवसांत तिचा आवाज एवढा सरळ कुणी ऐकला नव्हता. ती म्हणाली की तिला थांबायचं नाही, पुढच्याच महिन्यात गर्भ सोडायचा आहे, तारीख द्या. पलीकडून बराच वेळ समजावणं चाललं होतं. विश्रांती, पेपर, मोठ्या माणसाचं नाव, असे तुटक शब्द खोलीत ऐकू येत होते.

"वाचलाय मी पेपर," लेक म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने सरांकडे पाहिलं, ओळखीच्या पण जरा लांबच्या माणसाकडे बघावं तसं.

"नाही, बाबांनी नाही सांगितलं," ती म्हणाली. "मी लेखकाशी बोलले."